इन्स्टॉल होत नाही म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात एका पालकांचं पत्र आलं होतं. मुलीच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) घालून दिलं, त्यावर एक सॉफ्टवेअर म्हणून धड इन्स्टॉल होईना, शेवटी दुकानात नेऊन सगळं पुसून घेतलं आणि त्यात मुलीचा प्रोजेक्ट पण गेला. ते पत्र वाचून मला रात्रभर चैन पडलं नाही. कारण स्क्रीनवर आली म्हणून त्यांनी जी ओळ लिहिली होती, लॉक मिळत नाही, दुसरा कुठला तरी प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, धरून बसलाय अशा अर्थाची, ती ओळ माझ्या ओळखीची आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे थोडा वेळ गप बसून राहणं एवढाच होता. फॉरमॅटची काही गरजच नव्हती, त्या मुलीचा प्रोजेक्ट वाचला असता. म्हणून लिहायला बसलेय. पत्र लांबेल, पण जमलं तर कापू नका.

मी कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. गावच्या वाचनालयात रोज संध्याकाळी मुलांना कॉम्प्युटर शिकवते, त्याचे पैसे घेत नाही. चार कॉम्प्युटर आहेत, चारही देणगीत आलेले, २०१२-१३ च्या आसपासचे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ह्या मशिनांवर बसत नाही, त्याला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर पण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा पाहिजे, म्हणजे २०१७ नंतरचा. नवीन चार घ्यायचे म्हटलं तर वाचनालयाची वर्षाची वर्गणी पुरायची नाही. मग रॅम वाढवून चौघांवर उबंटू २४.०४ घातलं, हा लिनक्सचाच एक प्रकार. मला ह्यातलं आधी काही येत नव्हतं. कॉलेजच्या हॉस्टेलात माझी रूममेट बैलहोंगलची होती, ती कन्नडात बोलायची मी मराठीत उत्तर द्यायची, तसंच आजपण फोनवर चालतं, तिनं मला शिकवलं. आणि चार कॉम्प्युटरनी मिळून जेवढं म्हणून बिघडता येतं तेवढं बिघडून दाखवलं, त्यामुळं आता बरंच कळतं.

आधी त्या लॉकचं सांगते. उबंटू चालू करून नेट जोडलं की पडद्यामागं सिक्युरिटीचे अपडेट आपोआप उतरून बसायला लागतात. त्या वेळी तुम्ही दुसरं काही इन्स्टॉल करायला गेला की सिस्टीम सांगते, थांबा, आत काम चालू आहे. वाचनालयात आमचं देवघेवीचं रजिस्टर एकच आहे. एकजण त्यात नोंद करत असताना दुसऱ्यानं पण त्याच पानावर लिहायला घेतलं तर कुणाकडं कुठलं पुस्तक गेलंय कशाचा पत्ता लागायचा नाही. कुठलं पॅकेज (लिनक्सवर सॉफ्टवेअर ज्या गठ्ठ्यात येतं तो) बसलंय, कुठलं अर्धवट आहे, कुठलं काढलंय हे सगळं डीपीकेजी नावाचा प्रोग्रॅम अशाच एका रजिस्टरात लिहीत असतो, आणि लॉक म्हणजे त्या रजिस्टराशी आत्ता कोण बसलंय एवढीच खूण. नवीन उबंटूत तर त्याच ओळीत धरून बसलेल्या प्रोसेसचा नंबर आणि नाव पण देतात. नाव अनअटेंडेड असं काहीतरी दिसलं की समजायचं अपडेट चालू आहे, मुलांना बाहेर पाठवायचं, चहा ठेवायचा. नेट स्लो असलं तर अर्धा तास पण लागतो.

पण नेटवरच्या व्हिडिओत काय सांगतात, ती लॉकची फाईल डिलीट करा. आमच्याकडं पहिल्या कॉम्प्युटरवर नववीतल्या एका पोरानं नेमकं तेच केलं, बिचाऱ्याला वाटलं बाई यायच्या आत आपण दुरुस्त करून ठेवू. फाईल उडवली, आतलं काम चालूच होतं, वरून ह्यानं दुसरं इन्स्टॉल सुरू केलं, दोघं एकदम त्या रजिस्टरात लिहायला लागले आणि रजिस्टर फाटलं. नशीब त्या रजिस्टराची आदली प्रत सिस्टीम स्वतःच ठेवते, व्हार फोल्डरात बॅकअप्स म्हणून फोल्डर आहे त्यात डीपीकेजी डॉट स्टेटस डॉट शून्य नावानं असते, ती मूळ जागी आणून ठेवली आणि मशीन उठलं. मैत्रीण फोनवर नसती तर मला हे कधी कळलंपण नसतं. पोराला मी रागावले नाही, त्यानं निदान हात तरी घातला.

(पेपरात इंग्लिश अक्षरं बरी दिसत नाहीत म्हणून सगळ्या कमांड, म्हणजे टर्मिनल नावाच्या खिडकीत टाईप करायचे हुकूम, मराठी अक्षरांत लिहितेय. टाईप करताना इंग्लिशमध्येच आणि सगळी लहान अक्षरं, पॅकेजच्या नावात एक जरी कॅपिटल पडलं तरी सापडत नाही. आणि सुडो म्हणजे ही कमांड मालकाच्या हक्कानं चालव, त्यानंतर पासवर्ड विचारतो तेव्हा २४.०४ मध्ये तुम्ही टाईप करताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही, चांदण्यापण नाहीत, कीबोर्ड बिघडला नाही, पुरता टाईप करून एंटर मारायचं.)

दुसऱ्या कॉम्प्युटरचा आजार आपल्या भागाला जास्त ओळखीचा. जुलै महिना, जांबोटी-कणकुंबीकडनं पाऊस चढलेला, आणि लिबर ऑफिसचं अपडेट बसत असताना करंट गेला. यूपीएस नव्हता. करंट आल्यावर जे इन्स्टॉल करायला जाईल त्याला एकच उत्तर, डीपीकेजी मधेच तुटलं होतं, तुम्ही स्वतः 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए' चालवा. आता बघा, यात औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहूनच दिलंय. तीच कमांड जशीच्या तशी टाईप करायची, मशीन अर्धवट राहिलेली सगळी पॅकेज एकेक करून पुरी करतं. त्याच्यानंतर 'सुडो ॲप्ट डॅश डॅश फिक्स डॅश ब्रोकन इन्स्टॉल' मारलं (ॲप्ट म्हणजे नेटवरनं पॅकेज आणून डीपीकेजीकडं देणारा प्रोग्रॅम) की कुठं काही दुवा राहिला असेल तर तोपण जोडून घेतं. पाच मिनिटांचं काम. तरी माझ्या माहितीत तिघांनी ह्याच ओळीवरून मशीन दुकानात नेलंय, कारण ओळ इंग्लिशमध्ये होती आणि ती शेवटपर्यंत कुणी वाचलीच नाही. दुकानदारांनापण मी दोष देणार नाही, त्यांना विंडोज येतं, गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्यांना जे येतं ते ते करतात.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. इन्स्टॉल फसलं की स्क्रीनवर वीस-पंचवीस ओळी येतात आणि सगळ्यांची नजर शेवटच्या ओळीवर जाते. ती शेवटची ओळ बहुतेक वेळा अशी असते, 'सब प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड १'. ही ओळ लोक मोबाईलवर सर्चमध्ये टाकतात, मग हजार उपाय येतात, हजारातला एकही आपला नसतो. कारण ह्या ओळीत आजाराचं नावच नाही हो. डीपीकेजी फसलं एवढंच ॲप्टनं सांगितलंय, का फसलं ते डीपीकेजीनं आधीच वर सांगून झालेलं असतं. वर जावा. माऊसनं स्क्रीन वर सरकवा, आणि जिथं पहिल्यांदा काहीतरी चुकल्याची ओळ आलीय ती शोधा. पहिली, शेवटची नव्हे. खालच्या सगळ्या तिच्यापायी आलेल्या असतात.

तिसऱ्या कॉम्प्युटरवर असंच झालं. मुलांसाठी एक टायपिंगचं पॅकेज घालायला गेले, शेवटी एरर कोड १. मीपण आधी तेच केलं, शेवटची ओळ घेऊन शोधत बसले, दोन संध्याकाळी गेल्या, एकानं सांगितलेली कमांड मारली, दुसऱ्यानं सांगितलेली मारली, काही नाही. तिसऱ्या दिवशी वर सरकवून बघितलं तर टायपिंगच्या पॅकेजचा त्यात काही संबंधच नव्हता! वर स्वच्छ लिहिलेलं, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. डिस्क तर अर्धी रिकामी. मग 'डीएफ डॅश एच' मारून बघितलं, ह्या कमांडनं कुठल्या कप्प्यात किती जागा उरलीय ते दिसतं, तर बूटचा, म्हणजे मशीन सुरू करायच्या फायलींचा, कप्पा १०० टक्के भरलेला. मशीन ज्यांनी दिलं त्यांनी आधीच बूटसाठी वेगळा आणि अगदी छोटा कप्पा पाडलेला आणि मी तोच तसाच वापरला होता. अपडेट होईल तसा नवीन कर्नल (सिस्टीमचा गाभा) येतो, जुना एकदोन राहतो, प्रत्येकाच्या फायली बूटमध्ये जाऊन बसतात, एका दिवशी जागा संपते. आणि नवीन कर्नल अर्धवट अडकला की त्याच्या मागं जे येईल ते सगळं अडतं, मग ते टायपिंगचं असो की कॅल्क्युलेटरचं. 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह'नं जुने कर्नल निघाले, जागा झाली, मग वरची कॉन्फिगरची कमांड मारली, टायपिंगचं पॅकेज क्षणात बसलं. दोन संध्याकाळी मी चुकीच्या ओळीशी भांडत होते.

स्क्रीन बंद करून टाकली असेल तरी ओळी हरवत नाहीत. व्हार लॉग ॲप्ट ह्या फोल्डरात हिस्टरी डॉट लॉग आणि टर्म डॉट लॉग अशा दोन फायली असतात. कुठल्या तारखेला काय बसवलं, काय काढलं ते हिस्टरीत, आणि पॅकेज बसताना स्क्रीनवर जे जे आलं ते टर्ममध्ये. डॉक्टरकडं जाताना आपण जुने रिपोर्ट नेतो की नाही, तसं कुणाला मदत मागायची तर ह्या दोन फायली आधी पाठवा. नुसतं 'होईना झालंय' म्हणून सांगितलं तर समोरच्याला काय कळणार.

ओळीच्या सुरुवातीला इंग्लिश ई असेल तर ती चूक, डब्ल्यू असेल तर नुसता इशारा. डब्ल्यूला घाबरून बरेच जण थांबतात, पण त्यानं बहुतेक वेळा काम अडत नाही, पुढं गेलं तरी चालतं.

चौथ्याचं तर मला खरंच वाईट वाटलं, कारण ते मशीन आम्ही जवळजवळ भंगारात काढलं होतं. ॲप्ट अपडेट (पॅकेजची यादी आणायची कमांड) मारलं की सांगायचं, सर्वरवरची रिलीज फाईल अजून लागूच झालेली नाही, एवढ्या दिवसांनी लागू होईल. एक पोरगी म्हणाली, "बाई, हे काय की म्हणायलंय, आज केलेली फाईल पुढच्या वर्षांत आहे म्हणे." तिनंच मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडं बोट दाखवलं. तारीख जुन्या सालची! मदरबोर्डवर नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, तो मेलेला, त्यामुळं मशीन बंद केलं की घड्याळ मागं जायचं. मशीनला वाटायचं जुनंच साल चालू आहे, आणि सर्वरवरची फाईल तर आजच्या तारखेची, मग ती खोटी वाटणारच. ब्राउझरमध्येपण त्याच कारणानं निम्म्या साइट धोकादायक म्हणून दाखवत होत्या. नेट जोडून दोनचार मिनिटं थांबलं तर उबंटू आपलं घड्याळ बहुतेक वेळा स्वतःच लावून घेतं, आम्ही थांबत नव्हतो, हॉटस्पॉट जोडला की लगेच कमांड मारायची घाई. बेळगावला गेले तेव्हा सेल आणला, अगदी थोडक्या पैशांत आला, आणि मशीन अजून चालतंय.

त्या पालकांनी पत्रात आणखी एक लिहिलं होतं, की नातेवाइकानं दिलेल्या पेन ड्राइव्हमधलं लिनक्स घातलं. तो कुठला व्हर्जन होता ते त्यांनी लिहिलं नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. उबंटूचे व्हर्जन वर्षातनं दोनदा येतात, एप्रिलला आणि ऑक्टोबरला, आणि नंबरातच वर्ष-महिना असतो, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. पण सगळे सारखे नव्हेत. दर दोन वर्षांनी सम सालच्या एप्रिलमध्ये येतो त्याला एलटीएस म्हणतात, त्याला ५ वर्षं सपोर्ट. मधल्यांना फक्त ९ महिने. ९ महिने संपले की थोड्या दिवसांनी त्यांची पॅकेज नेहमीच्या सर्वरवरनं उचलून जुन्यांच्या वेगळ्या सर्वरवर नेऊन ठेवतात, मग तुम्ही अपडेट मारलं की ४०४ सापडलं नाही, ४०४ सापडलं नाही अशी रांग लागते. लोकांना वाटतं नेट गेलं. नेट ठीक आहे, दुकान हललंय. अशा वेळी जुन्या सर्वरचा पत्ता घालून चालवता येतं, पण सिक्युरिटीचे अपडेट त्याला येणार नाहीत, त्यापेक्षा आपल्या फायली कॉपी करून घ्या आणि चालू असलेला एलटीएस घाला. जुन्या मशीनला हलका पाहिजे म्हणून लुबुंटू किंवा झुबुंटू घालणार असाल तर त्यांच्या एलटीएसला ३ वर्षं असतात, ५ नव्हे, हे बघून घ्या.

पॅकेज सापडत नाही असं आलं तर आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' मारलं होतं का बघा. नव्या उबंटूला सर्वरवर काय काय आहे त्याची यादीच माहीत नसते, अपडेट म्हणजे ती यादी आणणं. ह्या शब्दानं फार घोळ होतो, अपडेटनं कुठलं सॉफ्टवेअर नवीन होत नाही, ते अपग्रेडनं होतं. यादी आणूनपण सापडत नसेल तर नाव तपासा. आम्हाला वाचनालयातली जुनी फाटायला आलेली मराठी पुस्तकं स्कॅन करून त्यातला मजकूर काढायचा आहे, त्यासाठी टेसरॅक्ट वापरतो, तर पॅकेजचं नाव टेसरॅक्ट डॅश ओसीआर आहे, आणि मराठीचं वेगळं घ्यावं लागतं, टेसरॅक्ट डॅश ओसीआर डॅश मार. कन्नडचं पाहिजे तर शेवटी कॅन. 'ॲप्ट सर्च' करून नाव शोधता येतं. नाव बरोबर असूनपण नाही मिळालं तर युनिव्हर्स नावाचा विभाग बंद असेल, सॉफ्टवेअर अँड अपडेट्समध्ये जाऊन त्यावर टिक करायची.

आता ते परावलंबी पॅकेजचं, अनमेट डिपेंडन्सी म्हणतात ते. आपल्याकडं मांडे करायचे तर नुसतं पीठ आणून भागत नाही, पिठीसाखर पाहिजे, तूप पाहिजे, आणि खापर नसलं तर बाकीचं असून उपयोग नाही. तसं एका पॅकेजला दुसरी दहा लागतात, आणि त्यातपण अमुक व्हर्जनच्या वरचंच पाहिजे अशी अट असते. ॲप्ट हे सगळं स्वतः गोळा करतं. डीपीकेजी करत नाही, ते फक्त हातात दिलेलं बसवतं. म्हणून साइटवरनं डेब फाईल (एका पॅकेजची फाईल) उतरवून 'डीपीकेजी डॅश आय' मारणाऱ्यांचं हमखास अडतं. तीच फाईल 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' लिहून पुढं टिंब, तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि फाईलचं नाव दिलं तर ॲप्ट तिची गरज बघून बाकीचं आणतं. एवढाच फरक, पण निम्मी रड ह्याच्यानंच थांबते. आणि फाईल दुसऱ्याच व्हर्जनसाठी बनवलेली असेल तर कितीपण जोर लावला तरी बसणार नाही, जोर लावूपण नका, त्यात चांगली बसलेली पॅकेज निघून जातात. ॲप्ट विचारतं, ही ही पॅकेज काढू का, तेव्हा वाय दाबायच्या आधी यादी वाचा. यादीत उबंटू डेस्कटॉप असं नाव दिसलं तर तिथंच एन दाबून मागं फिरा.

सही जुळत नाही, चावी सापडत नाही असं आलं तर तपासणीच बंद करून टाका म्हणून सांगणारे आहेत, त्यांचं ऐकू नका. ती सही म्हणजे आलेला माल खरंच मूळ मालकाकडनंच आलाय ह्याची खात्री. रेशनच्या दुकानात आपण सील तोडलेलं पोतं घेत नाही.

जुन्या व्हिडिओंबद्दल अजून एक. ते सगळे सोर्सेस डॉट लिस्ट नावाची फाईल उघडायला सांगतात. २४.०४ मध्ये ती फाईल जवळजवळ रिकामी असते, खरी माहिती सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी फोल्डरातल्या उबंटू डॉट सोर्सेसमध्ये गेलीय. रिकामी बघून लोक घाबरतात आणि व्हिडिओतल्या जुन्या व्हर्जनच्या ओळी तिथं चिकटवतात, मग दोन व्हर्जनचं मिश्रण होतं आणि त्यातनं बाहेर पडणं खरंच अवघड. व्हिडिओ कुठल्या सालचा आहे ते आधी बघा.

आमच्या भागासाठी ह्या सगळ्याचा उपयोग काय, तर मुख्य म्हणजे भाषा. मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत कन्नड शिकतात, पंचायतीचा अर्ज कन्नडात, वाचनालयाची नोटीस मराठीत, कडोली-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनाला कविता पाठवायची तर ती मराठीत. आयबस एम १७ एन म्हणून एक पॅकेज आहे, त्यात मराठीचे इनस्क्रिप्ट, फोनेटिक असे कीबोर्ड आहेत आणि कन्नडचा केजीपीपण आहे, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की ह्या भाषेतनं त्या भाषेत. पण हे बसवल्यावर सेटिंगमध्ये मराठी लगेच दिसत नाही. एकदा लॉगआउट होऊन परत लॉगिन व्हावं लागतं. मी हे पॅकेज तीनदा काढून तीनदा घातलं होतं, आणि ते पहिल्याच वेळी नीट बसलेलं होतं!

आणि ह्या ओळी मराठीतपण वाचता येतात, हे किती जणांना माहीत आहे? ॲप्टच्या संदेशांचं मराठी भाषांतर कुणीतरी मराठी माणसांनी बसून केलेलं आहे, सिस्टीमची भाषा मराठी ठेवली की बऱ्याच ओळी मराठीत येतात. सगळ्या नाहीत, काही भाषांतरं जुनी आहेत. पण मुलांना काय झालंय ते कळायला तेवढं पुरतं. सर्चमध्ये टाकायची असेल तेव्हा मात्र इंग्लिश ओळ लागते, तेवढ्यापुरतं कमांडच्या आधी 'एलसी अंडरस्कोर ऑल इक्वल टू सी' लिहिलं, त्यातला एलसी, ऑल आणि सी तेवढे कॅपिटल, की ती ओळ इंग्लिशमध्ये येते. सुडो असेल तर हे सुडोच्या पुढं, ॲप्टच्या आधी घालायचं.

मोबाईलच्या डेटावर चालवणाऱ्यांसाठी पण एक. चार मशीनला तीच पॅकेज चारदा उतरवू नका. 'ॲप्ट' कमांड काम झाल्यावर उतरवलेल्या फायली पुसून टाकते, पण 'ॲप्ट डॅश गेट' ठेवते. म्हणून आम्ही पहिल्या मशीनवर ॲप्ट डॅश गेटनं घालतो, व्हार कॅश ॲप्ट आर्काइव्ह्ज फोल्डरातल्या डेब फायली पेन ड्राइव्हवर घेतो आणि बाकी तिघांच्या त्याच फोल्डरात टाकतो, मग तिथं तीच कमांड मारली की नेटवरनं परत उतरवत नाही. चौघांवर व्हर्जन एकच पाहिजे हे मात्र खरं.

संपादक साहेब, मागणी दोन आहेत. एक, आठवड्यातनं एकदा तुमच्या पेपरात चार बोटं जागा द्या, वाचकांनी आपली अडलेली ओळ पाठवायची आणि तिचं उत्तर मराठीत छापायचं. स्वयंपाकाला, शेतीला, तब्येतीला जागा देता तशी. केरळात काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी उबंटूवर आधारलेली सिस्टीम स्वतः बनवून देते, सी-डॅक ह्या सरकारी संस्थेनं डेबियनवरनं (उबंटूपण ह्याच लिनक्सवरनं केलेलं) बॉस लिनक्स काढलं, म्हणजे हे काही परक्यांचं काम राहिलेलं नाही. डेबियन १२ मध्ये ६४ हजारांवर पॅकेज आहेत, फुकट, कायदेशीर, आणि आपल्या पोरांच्या हातात येतील अशी. मधे अडतंय काय, तर एक इंग्लिश ओळ.

दुसरी मागणी इंजिनिअरिंगच्या मुलांना. व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) मुख्य ठिकाणच आपल्या बेळगावात मच्छ्याजवळ आहे, शहरात एवढी कॉलेजं आहेत, तिथल्या लॅबमध्ये तुम्ही लिनक्स रोज वापरता. महिन्यातला एक रविवार आपापल्या गावच्या वाचनालयात जावा, निपाणीची पोरं निपाणीकडं, खानापूरची खानापूरकडं. एक मशीन उघडा, आणि ओळ कशी वाचायची तेवढं मुलांना दाखवा, दुरुस्ती ती स्वतः करतील.

आणि त्या पालकांना निरोप, मुलीचा प्रोजेक्ट कदाचित अजून मिळेल. फॉरमॅट केल्यावर त्या डिस्कवर नवीन काही भरलं नसेल तर टेस्टडिस्क म्हणून पॅकेज आहे, त्यातच फोटोरेक येतं, ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवरनं उबंटू चालवून त्यात घालायचं आणि मिळालेल्या फायली तिसरीकडं ठेवायच्या, त्याच डिस्कवर नाही. दुकानात विंडोज परत घातलं असेल तर काही भाग गेला असेल, सगळं मिळेल असं मी म्हणत नाही. पण तोवर ते मशीन वापरू नका. माझा नंबर पेपरच्या ऑफिसात दिलाय, तिथनं घ्या आणि कधीपण फोन करा, संध्याकाळी साडेसातनंतर मी मोकळी असते.

आपली नम्र,
एक वाचक, खानापूर तालुका